बांध आणि दंड

रबाळ्यात येऊन कोणी 'सरकार कोठे आहे?' असे विचारले, तर त्याला बोट करून काय दाखवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर क्षणभर उभे राहून पाहावे. डोंगराच्या अंगाला पसरलेली कारखान्यांची वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची. लोक तिला नुसते 'एमआयडीसी' म्हणतात. खाडीच्या अंगाला जुने गावठाण आणि त्याच्या आजूबाजूला सिडकोने आखलेली वस्ती. नळाचे पाणी आणि कचऱ्याची गाडी नवी मुंबई महानगरपालिकेची. विजेची तार महावितरणची. स्थानकावर थांबणारी गाडी मध्य रेल्वेची, म्हणजे दिल्लीच्या सरकारची. पोलीस ठाणी तर एका गावाच्या नावाने दोन : एक 'रबाळे' आणि दुसरे 'रबाळे एमआयडीसी'. यांपैकी कोणती तक्रार कोणाच्या दारी न्यावी, हे नव्याने राहावयास आलेल्या माणसास उमगेपर्यंत त्याचे पहिले भाड्याचे वर्ष संपलेले असते.

आणि गंमत अशी की, ही सगळी दारे ठोठावून थकलेला माणूस घरी येऊन म्हणतो ते एकच वाक्य : 'सरकारला काही पडलेलीच नाही.' पाच-सहा कचेऱ्या त्याने पाहिलेल्या असतात. सरकार त्याने पाहिलेले नसते. तरीही आपले गाऱ्हाणे त्या एका न दिसणाऱ्या गोष्टीकडे आहे, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. त्याचे हे बोलणे आम्हांस अडाणीपणाचे वाटत नाही. आपल्या राज्यघटनेचा बारावा अनुच्छेद काढून पाहावा. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात 'राज्य' म्हणजे कोण, हे तेथे सांगितले आहे : केंद्राचे शासन व संसद, घटकराज्यांची शासने व विधिमंडळे, आणि सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणे. म्हणजे एमआयडीसी काय, सिडको काय किंवा महापालिका काय, नागरिकापुढे उभे राहताना ही सारी एकाच देहाची गात्रे होत. ज्या गोष्टीवर घटना लिहिणाऱ्या पंडितांना व्याख्या करावी लागली, ती गोष्ट आमचा थकलेला माणूस एका वाक्यात बोलून जातो.

हा देह कशाचा, तो आला कोठून आणि कशासाठी, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडविला पाहिजे. 'सरकार' हा शब्द फारसी. सर म्हणजे डोके, कार म्हणजे काम. कामकाजाचा जो मुख्य तो सरकार. मोगलांच्या व्यवस्थेत सुभ्याच्या पोटातील विभागालाही हेच नाव होते. मराठीत येऊन तो इतका रुळला की 'मायबाप' हे विशेषण त्याला जन्मखूण असल्यासारखे चिकटले. 'राज्य' हा शब्द संस्कृत, पण आज तो तीन-तीन कामे करतो. रामाचे ते राज्य, महाराष्ट्र हेही राज्य, आणि इंग्रज ज्याला 'स्टेट' म्हणतात तेही राज्यच. म्हणून आपल्या राज्यशास्त्राच्या लेखकांनी या तिसऱ्या अर्थासाठी 'राज्यसंस्था' हा जोडशब्द रूढ केला. तो थोडा जड आहे, पण उपयोगी आहे. सरकार म्हणजे आज कारभार पाहणारी मंडळी. राज्यसंस्था म्हणजे ती बदलली तरी न बदलणारी चौकट. सरकार पडते, राज्यसंस्था पडत नाही. याचा पुरावा पोथीत शोधावयास नको. भूसंपादनाचा कायदा १८९४ साली परक्या राजवटीने केला. १९४७ साली ती राजवट गेली, १९५० साली घटना आली, १९६० साली महाराष्ट्र झाला. कायदा मात्र जागचा हलला नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या याच कायद्याने.

पण त्या जमिनींकडे वळण्यापूर्वी त्या जमिनी घडल्या कशा, हे पाहिले पाहिजे. कारण राज्यसंस्थेच्या जन्माची गोष्ट आम्हांस तेथेच सर्वांत चांगली दिसते.

खाडीकाठची भातशेती ही निसर्गाने दिलेली नव्हे. उधाणाचे खारे पाणी जेथवर येते तेथे गवतही धड उगवत नाही. त्या चिखलात मातीचा बांध घालावयाचा, त्याला दगडांचे पाठबळ द्यावयाचे, आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून उघाडी बसवावयाची. मग काही पावसाळे नुसते थांबावयाचे. पाऊस मीठ धुऊन नेतो, जमीन हळूहळू गोडी होते, आणि खारे सोसणारे रात्यासारखे तांबडे भात प्रथम तेथे रुजते. ठाण्यापासून पनवेल, उरण, पेण, अलिबागपर्यंत खाडीकाठचे आगरी आणि कोळी या कामात पिढ्यान्पिढ्या वाकलेले. ज्याला आपण 'खार' म्हणतो ती एक प्रकारे माणसाने विणलेली जमीन आहे.

आता या बांधाचे एक वैशिष्ट्य पाहा. तो एकट्याचा असू शकत नाही. माझ्या शेताच्या वाट्याचा बांध मी कितीही नेटका राखला, पण शेजाऱ्याच्या वाट्यात खेकड्याने भोक पाडले आणि त्याने ते बुजविले नाही, तर अमावास्येच्या उधाणात तेथे खांड पडते आणि पाणी माझ्याही शेतात येते. नुसते एका हंगामाचे पीक जात नाही. जमीन पुन्हा गोडी व्हावयास दोन-तीन वर्षे जातात. येथे 'मला काय त्याचे' असे म्हणणाऱ्या माणसाला जागाच नाही. म्हणून अलिबाग-पेणच्या बाजूस अशा बांधावरच्या शेतकऱ्यांचा गट असे, त्याला 'जोळ' म्हणत. बांधबंदिस्तीला घरटी माणूस द्यावयाचा, खांड पडली की हाकेसरशी धावावयाचे, जो येणार नाही त्याने त्याचा मोबदला भरावयाचा. कुलाबा जिल्ह्यात 'शिलोत्री' नावाची वहिवाटही होती. तीत बांध घालून जमीन काढणारा आणि तो राखणारा जो शिलोत्रीदार, त्याला बिघ्यामागे ठरीव धान्य मिळे.

येथे राज्यसंस्थेची जवळजवळ सगळी सामग्री आली आहे. समान संकट आहे, कामाची वाटणी आहे, कर आहे, कामचुकाराला दंड आहे आणि व्यवस्था पाहणाऱ्याला मोबदला आहे. नाही तो फक्त शिपाई. आणि शिपायावाचून हे काम शतकानुशतके चालले, ही गोष्ट विसरता कामा नये. कार्ल विटफोगेल या जर्मन पंडिताने १९५७ साली एक मोठा ग्रंथ लिहून असे मांडले की, आशियातील जुलमी राज्यांचे मूळ पाण्याच्या व्यवस्थेत आहे. मोठे कालवे आणि बांध राखावयाचे तर मोठी नोकरशाही लागते आणि तीच पुढे मानेवर बसते. आमच्या खाडीकाठाने हा सिद्धान्त ऐकला असता तर तो हसला असता. येथे पाणी होते, बांध होते, नोकरशाही नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० साली जगभरची कुरणे, मासेमारीची पाणथळे आणि पाटबंधारे अभ्यासून दाखवून दिले की, लोक आपसांत नियम करून सामाईक वस्तू उत्तम राखू शकतात. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. जोळातल्या म्हाताऱ्यांना ते कोणी दिले नाही. असो.

मग राज्यसंस्था लागली कशाला? हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता, आणि त्यांनी दिलेली उत्तरे आजही वाचण्याजोगी आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेला भीष्म युधिष्ठिराला सांगतो की, पूर्वी राजा नव्हता; मोठा मासा लहान माशाला खातो तसे लोक एकमेकांना खाऊ लागले. आपले तिकडे लक्ष फक्त त्या माशांकडे जाते. पण कथेतला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लोक लगेच राजाकडे धावले नाहीत. त्यांनी प्रथम आपसांत करार केला : जो उद्धटपणे बोलेल, जो दंडेली करील, जो परस्त्री किंवा परधन हरण करील त्याला आपण टाकावयाचे. हा करार टिकला नाही, तेव्हा ते ब्रह्मदेवाकडे गेले. त्याने मनूला राजा हो म्हणून सांगितले, तर मनू नको म्हणाला. खोटेपणाने वागणाऱ्या माणसांवर राज्य करणे कठीण, आणि त्यातले पाप मला लागेल, ही त्याची भीती. शेवटी लोकांनी पशू आणि सोने यांचा पन्नासावा हिस्सा आणि धान्याचा दहावा हिस्सा द्यावयाचे कबूल केले, तेव्हा कोठे तो राजी झाला. सत्तेच्या खुर्चीवर बसावयास कचरणारा तो पहिला उमेदवार. बहुधा शेवटचाही तोच असावा.

बौद्धांच्या दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात हीच गोष्ट भाताच्या शेतात घडते, म्हणून ती आमच्या खाडीकाठाला अधिक जवळची. तेथे भात आपोआप उगवत असे. मग माणसांनी साठा करावयास सुरुवात केली, शेतांना हद्दी पडल्या, आणि एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. तेव्हा लोकांनी आपल्यातल्याच एकाला निवडले, न्याय दे म्हणाले आणि त्याबद्दल तांदळाचा भाग देऊ केला. त्याचे नावच 'महासंमत', म्हणजे सर्वांनी मान्य केलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मनूची कथा आहे. तेथे धान्याचा सहावा आणि व्यापारी मालाचा दहावा हिस्सा ठरला. पण कौटिल्य ती कोणाच्या तोंडी घालतो? राजाच्या हेरांच्या. यात्रेत, सभेत दोघा हेरांनी वादाचे सोंग करावे. एकाने राजाला नावे ठेवावीत, दुसऱ्याने ही कथा सांगून त्याला गप्प करावे. राज्य करारातून जन्मले, ही समजूत सोयीची आहे हे त्या चतुर माणसाने ओळखले होते. ती खरी आहे की नाही, याच्या चौकशीत तो पडत नाही.

युरोपातही हाच वाद झाला. हॉब्सने १६५१ साली सांगितले की, भीतीपोटी माणसांनी सर्व हक्क एका सार्वभौमाला दिले. लॉक म्हणाला, सर्व नाही, काहीच दिले, आणि तेही परत घेता येतात. ह्यूमने १७४८ साली सरळ विचारले की, असा करार कोणी, कधी केला; आम्हांला तर जिकडे तिकडे तलवारीने मिळविलेली राज्येच दिसतात. आमच्या खाडीकडे पाहिले तर ह्यूमचे म्हणणे पटते. खाडीपलीकडच्या साष्टीत पोर्तुगीज होते तेव्हा, आणि पुढे १७७४ साली इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतल्यावरही, ही खाडी दोन राज्यांमधली सरहद्द होती. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. १८१८ पर्यंत दोन्ही काठ इंग्रजांचे झाले. यांपैकी कोणत्याही प्रसंगी काठावरच्या कोळ्याला कोणी विचारले नाही. त्याच्याकडून काय घ्यावयाचे, एवढेच बदलत गेले.

तेव्हा जुलूम खरा की करार खरा? आमच्या समजुतीने हा प्रश्नच थोडा चुकीचा घातलेला आहे. जोळ कोठे चालतो आणि कोठे अडतो हे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. जोळ चालतो तो ओळखीच्या बळावर. बांधावर न आलेल्या माणसाला उद्या आपल्याच आळीतून जावयाचे असते, मुलीचे लग्न आपल्यातच करावयाचे असते. त्याला शिपाई नको. चार डोळे पुरतात. पण बांधाच्या वरच्या अंगाला परका येऊन बसला, दोन गावांची उघाडीवरून मारामारी झाली, किंवा जमिनीचा मालकच दूर शहरात राहू लागला, की चार डोळे पुरत नाहीत. ओळख संपते तेथे जोळ संपतो. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकावयाचा तर दोघांच्या वर कोणीतरी लागतो, आणि त्याच्या हातात दंड लागतो. मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकमधील आपल्या व्याख्यानात राज्यसंस्थेची जी ओळख सांगितली ती हीच : विशिष्ट भूप्रदेशात अधिकृत बळ वापरण्याचा मक्ता जिच्याकडे, ती राज्यसंस्था.

आजचे रबाळे हे अनोळखी माणसांचे गाव आहे. कारखान्यातला कामगार कोठला, त्याचा घरमालक कोठला, खानावळवाला कोठला! पगार बुडाला तर जातीत तक्रार करता येत नाही, घरभाड्याचा करार मोडला तर पंच बोलावता येत नाहीत. येथे दंडावाचून एक दिवस निघणार नाही. हे कबूल केल्यावर मात्र दुसरी बाजू उघडी पडते. ज्याच्या हाती दंड आहे त्याच्यापासून आपले रक्षण कोणी करावयाचे?

बाजारात दर महिन्याला हप्ता मागणारा दादाही म्हणतो की, मी तुमचे रक्षण करतो. पुष्कळदा तो करतोही. चार्ल्स टिली या इतिहासकाराने १९८५ साली युरोपातील राज्यांचा उगम तपासताना संघटित गुंडगिरीशी त्यांची तुलना केली तेव्हा अनेकांना धक्का बसला. आमच्या दुकानदाराला तो बसला नसता. हप्ता आणि कर यांत फरक कोणता, हे त्याला आपण सांगू शकलो पाहिजे. रक्कम कमी-जास्त असणे हा फरक नव्हे. दादाची रक्कम कधीकधी कमी असते. फरक असा की, कराची पावती मिळते, आणि तो कोणत्या कायद्याने घेतला हे तीवर लिहिलेले असते; तो चुकीचा आकारला असे वाटले तर घेणाऱ्याविरुद्धच दाद मागता येते; आणि घेणारी मंडळी काही वर्षांनी आपल्या मताने बदलता येतात. मराठीत 'दाद' हा शब्द फार मोलाचा आहे. फारसीत त्याचा अर्थ न्याय. आपण दाद मागतो, आणि ती मिळाली नाही तर 'दाद लागत नाही' म्हणतो. जेथे दाद लागत नाही तेथे कर आणि हप्ता यांच्यामधली भिंत ओली होते.

आता जमिनीकडे वळू. १९६१ साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या या पूर्व काठावर 'ट्रान्स ठाणे क्रीक' नावाची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रबाळे तिच्या ऐन मध्यात आले. पुढे मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठी नवे शहर वसवावयाचे ठरले. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी आखला गेला. हेतू खोटा नव्हता. मुंबईला जागा हवी होती, कारखान्यांना जमीन हवी होती, आणि लाखो माणसांना पुढे येथे काम मिळाले. पण शेतकऱ्याच्या दारी राज्यसंस्था आली ती नोटिशीच्या रूपाने. आजवर ती तलाठ्याच्या दप्तरात, सात-बाराच्या उताऱ्यात होती. सातव्या नमुन्यात मालकाचे नाव, बाराव्यात पिकाची नोंद. आता सातवरचे नाव बदलले, आणि बाराला काही लिहावयाचे उरले नाही. ज्या बांधाने ती जमीन घडविली, त्याची नोंद कोठल्याच नमुन्यात नव्हती.

'सार्वजनिक प्रयोजन' हा या घेण्यामागचा शब्द. सर्वांच्या हितासाठी एकाची वस्तू भरपाई देऊन घेण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्था आपल्याकडे ठेवते, आणि तो नसता तर रेल्वे झाली नसती की धरणे झाली नसती. बांधासाठी जोळ माणूस मागतो, त्याचेच हे मोठे रूप. पण एक भेद आहे, आणि सगळा झगडा त्या भेदाचा आहे. बांधावर राबणाऱ्याचे शेत बांधामुळेच वाचते. येथे ज्याने दिले तो एक आणि ज्याला लाभले तो दुसरा. शेताच्या मोबदल्याला मिळालेले पैसे संपतात. त्या शेतावर उभ्या राहिलेल्या शहराची किंमत मात्र वर्षावर्षाला वाढत जाते, आणि ती वाढ पाहत तो शेतकरी शेजारीच बसलेला असतो.

दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्याचे सार आम्ही असे समजतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांच्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि ५ शेतकरी हुतात्मा झाले. ज्या दंडाने अनोळखी माणसांचे रक्षण करावयाचे, तो ओळखीच्या माणसांवर पडला. त्याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर परक्या सरकारने गोळ्या झाडल्या होत्या. दोन्ही ठिकाणी स्मारके आहेत. ती पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो की, परक्या आणि आपल्या सरकारात फरक तो कोणता? फरक आहे, पण तो गोळीत नाही. गोळीनंतर काय झाले, त्यात आहे. १९८४ नंतर तीच राज्यसंस्था माघारी वळली. वाटाघाटी झाल्या, आणि १९९० साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. सिडकोसाठी ज्यांची जमीन गेली त्यांना तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळावा, असे ठरले. त्यातूनही सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापले जातात, म्हणजे हाती पावणेनऊ टक्केच येतात, हे शेतकऱ्याच्या पोराला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्के पाठ आहे. तरीही एक तत्त्व मान्य झाले की, ज्याने जमीन दिली त्याचा शहराच्या वाढत्या किमतीत वाटा आहे. पुढे १८९४ चा कायदाच गेला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला. त्यात पुनर्वसन हा हक्क झाला, आणि खासगी कंपन्यांसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. एवढ्यासाठी किती वर्षे लागली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दंड हाती असलेल्याला बदलता येणे ही तिसरी गोष्ट आम्ही वर सांगितली. तिचीही परीक्षा याच शहरात झाली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. ग्रामपंचायती तिच्यात विरल्या, आणि १९९५ साली पहिली निवडणूक झाली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे. पण मे २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा देशात साथ होती. पुढे आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला, आणि पाच वर्षांहून अधिक काळ येथे निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. महाराष्ट्रातल्या इतर अनेक शहरांचीही तीच गत होती. या काळात मोरबे धरणाचे पाणी येत राहिले, दिवे लागत राहिले, रस्ते झाडले जात राहिले. काही जण तर म्हणू लागले की, नगरसेवक नाहीत तेच बरे. राज्यसंस्था सरकारावाचूनही चालू शकते, हे त्यांनी अचूक पाहिले होते. ती कोणासाठी चालते, हे विचारावयास सभागृह नव्हते, एवढेच त्यांच्या ध्यानात आले नाही. अंदाजपत्रक येई आणि मंजूर होई. मांडणारा आणि मंजूर करणारा एकच.

आणि शेजारच्या दिघ्याचे उदाहरण घ्या. एमआयडीसीच्या आणि सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या ९९ अनधिकृत इमारतींचा प्रश्न २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयात गाजला, आणि काही इमारती पाडल्या गेल्या. कायदा न्यायालयाच्या बाजूला होता, याविषयी दुमत नाही. पण इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. तिचा पाया खणला जातो, मजले चढतात, सदनिका विकल्या जातात. त्या सगळ्या काळात दंड झोपलेला असतो. जागा होतो तो सर्वांत शेवटी आलेल्या, कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर. कौटिल्याने म्हटले आहे की, तीक्ष्ण दंडाने लोक उद्विग्न होतात आणि मृदू दंडाची अवहेलना होते. एकाच इमारतीवर दोन्ही प्रकार लागोपाठ कसे करावेत, हे मात्र त्याला सुचले नव्हते.

याच्याच पोटात रबाळ्याच्या गावठाणाचा प्रश्न आहे. जमीन गेली तेव्हा गावठाणाची हद्द होती तेथेच राहिली. घरे मात्र थांबली नाहीत. बापाला तीन मुलगे झाले, तिघांची लग्ने झाली, आणि धाकट्याने घर बांधले ते हद्दीबाहेर, आजोबाच्या शेतात. त्या शेताच्या उताऱ्यावर आता आजोबाचे नाव नाही. म्हणून कागदावर ते घर सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण आहे, आणि त्यात राहणारा बेकायदा. अशी घरे नियमित करण्याचे निर्णय शासनाने वेळोवेळी जाहीर केले; कोणते घर कितव्या मीटरापर्यंत धरावयाचे, जागा भाडेपट्ट्याने द्यावयाची की मालकीने, मूळच्या गावकऱ्याचे घर कोणते आणि बाहेरच्या बांधकाम करणाऱ्याची चाळ कोणती, यांवर बैठका झडल्या. मोजणीचे लोक साखळी घेऊन आले की गल्लीतली म्हातारी माणसे त्यांच्यामागून चालतात, आणि येथे कोणाचे खळे होते, बांध कोठून जात होता, उघाडी कोठे होती, हे त्यांना दाखवीत जातात. मोजणी करणारे शांतपणे ऐकून घेतात. त्यांच्या नकाशावर त्या ठिकाणी भूखंडाचा क्रमांक असतो.